मीडिया मत फिरवतो का? अमेरिकेच्या निवडणुकांचा सव्वादोनशे वर्षांचा हिशेब

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका एवढीच विनंती.

"मीडिया विकला गेलाय." पत्रकार आहे असं सांगितलं की समोरून हे वाक्य येतंच. एसटी स्टँडवरची टपरी असो, बाजार समिती असो, नाहीतर लग्नाची पंगत. त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, "या चॅनेलवाल्यांनीच निवडणूक फिरवली." गंमत अशी की हे दुसरं वाक्य मी सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांकडून ऐकलंय. जो हरतो तो म्हणतो. पुढच्या वेळी जिंकला की विसरतो.

पहिल्या वाक्यावर मी आज वाद घालत नाही. पक्षपात असतो, पूर्वीही होता. कुठे मालकाचा, कुठे जाहिरातदाराचा, कुठे बातमीदाराच्या स्वतःच्या डोक्यातला. मला तपासायचंय ते दुसरं वाक्य. पक्षपात असणं ही एक गोष्ट झाली. त्याने माणसाचं मत बदलणं ही वेगळी गोष्ट. आपण या दोन्ही एकाच दोरीला बांधतो आणि मोकळे होतो.

तपासायला अमेरिका घेतली, त्याला कारण आहे. आपल्याकडे राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, तुम्हीआम्ही नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षासाठी सामान्य माणूस मत देतो. त्यातही देशभरच्या मतांची नुसती बेरीज होत नाही. राज्याराज्याचा हिशेब वेगळा, आणि जवळपास सगळ्या राज्यांत जो पुढे त्याच्या खात्यात ते अख्खं राज्य. म्हणजे एखाद्या राज्यातली थोडीशी मतं इकडची तिकडे झाली तरी जगाचं चित्र बदलतं. शिवाय "बातमीमुळे मत बदलतं का" हे मोजायचा प्रयत्न तिथे ऐंशीहून अधिक वर्षं चाललाय. आणि आता तर आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं न्यू जर्सी-टेक्सासला आहेत. तिकडच्या निवडणुकीवरून इकडच्या फॅमिली ग्रुपवर भांडणं होतात, हे मी सांगायला नको.

पगारी संपादक

आधी एक गैरसमज काढून टाकू. "पूर्वी पत्रकारिता निःपक्ष होती, आता बिघडली" असं आपण म्हणतो. अमेरिकेचा इतिहास उलटा आहे. तिथे सुरुवातच पक्षपातातून झाली.

जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्याच मंत्रिमंडळात दोन गट होते. अर्थखातं हॅमिल्टनकडे, परराष्ट्रखातं जेफरसनकडे. हॅमिल्टनच्या बाजूने लिहिणारं पत्र होतं 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स', आणि त्याला सरकारी छपाईची कामं मिळत. जेफरसनने काय करावं? फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला परराष्ट्रखात्यात २५० डॉलर पगारावर अनुवादकाची नोकरी दिली. या फ्रेनोने १७९१ मध्ये 'नॅशनल गॅझेट' काढलं, आणि सरकारच्या पगारावर बसून सरकारमधल्याच दुसऱ्या मंत्र्यावर तो झोड उठवू लागला. सरकारी जाहिरातीच्या यादीत आपलं साप्ताहिक यावं म्हणून मंत्रालयाचे खेटे घालणारे आमचे काही सहकारी ही गोष्ट वाचून हसतील.

पुढे १७९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांच्या काळात सरकारविरुद्ध खोटं किंवा बदनामीकारक छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंग असा कायदा आला. त्यातली मेख बघा. राष्ट्राध्यक्षावर टीका केली तर गुन्हा, संसदेवर केली तर गुन्हा, पण उपराष्ट्राध्यक्षावर केली तर नाही. कारण उपराष्ट्राध्यक्ष होते विरोधी गटाचे जेफरसन! आणि कायद्याची मुदत कधी संपणार होती? ३ मार्च १८०१, म्हणजे ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी.

या कायद्याखाली व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने आत गेला. झालं काय, तर लोकांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. १८०० च्या निवडणुकीत ॲडम्स हरले. जेफरसनच्या बाजूने लिहिणाऱ्या पत्रांची संख्या या कायद्याच्या काळात घटली नाही, उलट वाढली.

पण एवढ्यावरून "पत्रांनी ॲडम्सना पाडलं" असं मी म्हणणार नाही. मतदार तेव्हा मूठभर, स्त्रिया नाहीत, गुलाम नाहीत, कित्येक राज्यांत तर विधिमंडळच प्रतिनिधी नेमायचं. परिणाम मोजायची सोयच नव्हती. एवढंच दिसतं की सत्तेवर बसलेल्यांना पत्रांची भीती वाटत होती. भीती वाटणं हा पुरावा होत नाही, पण तेव्हापासून राज्यकर्ते छापील कागदाला घाबरत आलेत हे मात्र खरं.

सगळे मालक विरुद्ध, तरी ४६ राज्यं खिशात

आता १९३६. मंदीचा काळ. फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्यांदा उभे. देशातली बहुसंख्य मोठी वर्तमानपत्रं त्यांच्या विरोधात. 'शिकागो ट्रिब्यून'चे मालक मॅकॉर्मिक तर इतके पेटले होते की त्यांच्या कार्यालयात फोन केला तर टेलिफोन ऑपरेटर आधी देश वाचवायला आता किती दिवस उरलेत ते सांगायची.

त्यात 'लिटररी डायजेस्ट' या नावाजलेल्या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना पत्रं पाठवून कौल घेतला. तेवीस लाखांच्या आसपास उत्तरं आली. निष्कर्ष निघाला की रूझवेल्ट पडणार, लँडन येणार.

निकाल लागला तेव्हा रूझवेल्टना ४८ पैकी ४६ राज्यं मिळाली होती. लँडनना फक्त दोन. आणि दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

काय चुकलं? साप्ताहिकाने पत्ते काढले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. १९३६ साली ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, त्याला मंदीत रेशनच्या रांगेत उभं राहायची वेळ आलेली नव्हती. शिवाय रागावलेला माणूस उत्तर पाठवतो, समाधानी माणूस पाठवत नाही. हेही आलंच.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळं आहे. इतकी वर्तमानपत्रं रोज विरोधात ओरडत असताना लोकांनी ऐकलं का नाही? कारण लोकांकडे स्वतःचा अनुभव होता. ज्याला सरकारी रस्त्याच्या कामावर मजुरी मिळत होती, ज्याचं शेत लिलावातून वाचलं होतं, त्याला अग्रलेख काय सांगणार? आणि रूझवेल्टनी रेडिओ हाताशी धरला. मार्च १९३३ पासून ते थेट लोकांच्या घरात बोलत होते. संपादकाच्या टेबलावरून जायची गरजच नाही. आज नेते मुलाखत न देता स्वतःच लाइव्ह येतात तेव्हा आपल्याला नवल वाटतं. त्यात नवं काही नाही.

बारा वर्षांनी पुन्हा तेच. १९४८ साली बहुतेक पत्रं ड्युई यांच्या बाजूने, सर्वेक्षणंही त्यांच्याच बाजूने. शिकागो ट्रिब्यूनमध्ये कंपोझिटरांचा संप चालू होता, म्हणून पान लवकर सोडावं लागायचं. त्यांनी निकालाआधीच "ड्युईंनी ट्रुमनना हरवलं" असा मथळा छापून टाकला. जिंकलेल्या ट्रुमननी तो अंक दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे.

छोट्या गावात सहाशे माणसं

ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी सँडस्की नावाचं गाव आहे, एरी काउंटीचं ठिकाण. आपल्या भाषेत तालुक्याचा गाव समजा. १९४० च्या निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड या अभ्यासकाने तिथे मुक्काम ठोकला. त्यांच्या चमूने सहाशे माणसं निवडली आणि मे ते नोव्हेंबर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं की काय वाचलंत, रेडिओवर काय ऐकलंत, मत कुणाला.

त्यांना वाटलं होतं की प्रचार माणसांना कसा इकडून तिकडे नेतो ते डोळ्यांनी दिसेल. दिसलं भलतंच. निम्म्याच्या आसपास लोकांचं मत मे महिन्यातच ठरलेलं होतं. बहुतेकांनी जे वाचलं, ऐकलं, त्याने आधीचंच मत पक्कं झालं. एका बाजूचा माणूस प्रचाराने उचलून दुसऱ्या बाजूला गेला, असे शंभरात दहासुद्धा निघाले नाहीत. आणि जो माणूस सगळ्यात जास्त बातम्या वाचत होता त्याचं मत सगळ्यात घट्ट. जो डळमळीत होता तो मुळात वाचतच नव्हता!

मग डळमळीत माणूस ठरवायचा कसा? शेजाऱ्याला, भावाला, कामावरच्या सोबत्याला विचारून. प्रत्येक गल्लीत एक वाचणारा, माहितगार माणूस असतो. पेपर त्याच्यापर्यंत पोचतो आणि तो बाकीच्यांपर्यंत पोचवतो. आपल्याकडे पारावर पेपर मोठ्याने वाचून दाखवणारे गुरुजी असायचे ना, तेच. १९४४ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं अभ्यासकांचं मत असंच राहिलं की माध्यमांचा परिणाम असतो, पण लोक समजतात तेवढा नाही.

इथे पोस्ट संपवता आली असती. आमच्या धंद्याला क्लीन चिट मिळाली असती. पण गोष्ट पुढे आहे.

कशावर बोलायचं, ते कोण ठरवतं?

१९६८ साली निक्सन, हम्फ्री आणि वॉलेस अशी तिरंगी लढत होती. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल गावात मॅक्सवेल मॅकोम्ब्ज आणि डोनल्ड शॉ या दोन प्राध्यापकांनी मत न ठरलेले फक्त शंभर मतदार घेतले. त्यांना कुणाला मत देणार हे विचारण्यापेक्षा देशापुढचे मोठे प्रश्न कोणते ते विचारलं. दुसरीकडे तिथे येणारी वर्तमानपत्रं, मासिकं, टीव्हीच्या बातम्या मोजल्या. कुठल्या प्रश्नाला किती जागा, किती वेळ.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर क्रम जवळजवळ सारखा. ज्या प्रश्नाला बातम्यांत जास्त जागा, तोच लोकांना मोठा वाटत होता. उमेदवार वेगळे, पक्ष वेगळे, पण प्रश्नांची उतरंड तीच. १९७२ मध्ये हा लेख छापून आला आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला. आम्हाला डिप्लोमाला तो 'अजेंडा सेटिंग' या नावाने होता. तेव्हा पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केला. त्याची खरी किंमत डेस्कवर बसल्यावर कळली.

म्हणजे बघा, पक्षपात दोन तऱ्हेचा. एक, अमक्याला मत द्या असं सांगणारा. तो दिसतो, आणि जो दिसतो त्यापासून माणूस सावध होतो. दुसरा, पाणीटंचाईची बातमी आठव्या पानावर आणि पुढाऱ्यांची शिवीगाळ पहिल्या पानावर टाकणारा. तो दिसत नाही. त्यात खोटं काहीच नसतं. पण महिनाभराने लोक पाण्याबद्दल न बोलता शिवीगाळीबद्दल बोलत असतात.

फॉक्स कुठे पोचलं, कुठे नाही

१९४९ पासून अमेरिकेत एक नियम होता. रेडिओ-टीव्ही केंद्रांनी वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर दोन्ही बाजूंना जागा द्यायची. १९८७ मध्ये तो काढून टाकला. लगेच एका बाजूने तासन् तास बोलणारे रेडिओ कार्यक्रम फोफावले. केबल चॅनेलना तो नियम तसाही लागू नसता, पण हवा बदलली होती. ७ ऑक्टोबर १९९६ ला रूपर्ट मर्डॉक यांचं फॉक्स न्यूज सुरू झालं. चालवायला आणले रॉजर एल्स, जे १९६८ मध्ये निक्सन यांचे टीव्ही सल्लागार होते.

आता इथे अभ्यासकांच्या हाती एक आयतं घबाड लागलं. फॉक्स एकदम सगळीकडे दिसलं नाही. केबलवाल्याने घेतलं तिथे दिसलं, शेजारच्या गावात नाही. २००० सालापर्यंत ते पाहणीतल्या साधारण वीस टक्के गावांत पोचलं होतं. दोन शेजारी गावं, सारखी माणसं, सारखं उत्पन्न, फरक एवढाच की एकात फॉक्स आहे आणि एकात नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन या अर्थतज्ज्ञांनी २८ राज्यांतल्या नऊ हजारांहून जास्त गावांची १९९६ आणि २००० ची मतं तपासली. २००७ मध्ये निष्कर्ष आला की जिथे फॉक्स पोचलं तिथे रिपब्लिकन पक्षाची मतं ०.४ ते ०.७ टक्क्यांनी वाढली.

"बस, एवढंच?" असं वाटेल. दोनशे मतांमागे एखादं मत. सँडस्कीच्या अभ्यासाशी ते जुळतंही, कारण बहुतेक माणसं हलली नाहीतच. पण २००० ची निवडणूक आठवा. फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतं पडली आणि बुश जिंकले ५३७ मतांनी. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सरपंच कधी कधी यापेक्षा मोठ्या फरकाने येतो. त्या ५३७ वर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला.

त्या रात्रीचीही एक गोष्ट आहे. वाहिन्यांनी आधी फ्लोरिडा गोर यांना दिलं, मग मागे घेतलं. पहाटे २ वाजून १६ मिनिटांनी फॉक्सने बुश जिंकल्याचं जाहीर केलं आणि काही मिनिटांत बाकीच्या वाहिन्या मागे धावल्या. फॉक्समध्ये हा निर्णय घेणाऱ्या टेबलाचे प्रमुख होते जॉन एलिस, बुश यांचे सख्खे आतेभाऊ! गोरनी फोन करून बुश यांचं अभिनंदन केलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून ते मागे घेतलं. पुढे ३६ दिवस मोजणीचा आणि कोर्टाचा घोळ चालला. त्या सगळ्या काळात बुश 'जिंकलेले' आणि गोर 'हट्टाला पेटलेले' असं चित्र लोकांपुढे राहिलं. यात कुणाचं मत बदललं नाही, मतदान तर संपलेलंच होतं. पण वाहिनीचा परिणाम मतपेटीपाशी थांबत नाही, हे त्यातून दिसलं.

२०१६: ५७ विरुद्ध २

देशातल्या सगळ्यात मोठ्या शंभर वर्तमानपत्रांपैकी ५७ नी हिलरी क्लिंटन यांना जाहीर पाठिंबा दिला. ट्रम्प यांना फक्त दोघांनी. अग्रलेखांनी निवडणूक ठरत असती तर ट्रम्प यांचं डिपॉझिट गेलं असतं. ते जिंकले.

म्हणजे मीडिया ट्रम्पविरोधी होता आणि त्याचा परिणाम शून्य झाला? थांबा. पहिल्या पानाचा हिशेब वेगळा निघतो. मार्च २०१६ मध्येच एका माध्यम-विश्लेषण कंपनीने आकडा दिला होता की ट्रम्पना तोवर सुमारे दोनशे कोटी डॉलर किमतीची फुकट प्रसिद्धी मिळाली होती. शिव्या घालण्यासाठी का होईना, कॅमेरा त्यांच्यावर होता.

आणि क्लिंटन? त्यांनी मंत्री असताना सरकारी कामासाठी खासगी ईमेल वापरला, हे प्रकरण. चौकशी संपली होती. मतदानाला अकरा दिवस असताना, २८ ऑक्टोबरला, एफबीआयच्या संचालकांनी संसदेला पत्र पाठवून ती पुन्हा उघडली. पुढे डंकन वॉट्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड या अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्सची पहिली पानं मोजली. त्यात दिसलं की फक्त सहा दिवसांत त्या ईमेलवर पहिल्या पानावर जितक्या बातम्या आल्या, तितक्याच निवडणुकीआधीच्या ६९ दिवसांत सगळ्या धोरणांवर मिळून आल्या होत्या. आरोग्य, कर, परराष्ट्र, सगळं एकत्र धरून. लक्षात घ्या, हे पत्र क्लिंटन यांना पाठिंबा देणारं होतं! अग्रलेख एका बाजूला आणि पहिलं पान दुसऱ्या बाजूला. गॅलपने लोकांना विचारलं, क्लिंटनबद्दल अलीकडे काय ऐकलंत? सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'ईमेल'.

मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून क्लिंटन सुमारे ७८ हजार मतांनी मागे पडल्या. तिथे मतं पडली होती १ कोटी ३९ लाखांच्या आसपास. फरक अर्ध्या टक्क्याचा. तो ईमेलच्या बातम्यांनी पडला असं मी म्हणत नाही. कारखाने बंद पडले होते, उमेदवार त्या भागात फारशा फिरकल्या नाहीत, अशी दहा कारणं आहेत. पण निवडणूक इतकी अटीतटीची असते तेव्हा पहिल्या पानाचं वजन अग्रलेखापेक्षा किती जास्त, हे त्यातून कळतं.

मालक वाकवतो की वाचक?

आता कडू भाग. इथे आपण वाचक म्हणून सुटत नाही.

२०१० मध्ये मॅथ्यू गेंट्झकाउ आणि जेसी शपिरो यांनी अमेरिकेतली शेकडो दैनिकं तपासली. कुठलं पत्र कुठल्या पक्षाची भाषा वापरतं ते मोजलं. निघालं असं की पत्राचा कल मालक कोण यावरून फारसा कळत नाही. तो कळतो वाचक कोण यावरून. ज्या शहरातले वाचक ज्या रंगाचे, तिथला पेपर त्या रंगाकडे झुकलेला. म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाला हवा तोच माल ठेवत होता.

२०२० मध्ये हे उघड्यावर आलं. मतदानाच्या रात्री फॉक्सने इतरांच्या आधी ॲरिझोना बायडन यांना दिलं. अंदाज बरोबर निघाला, पण स्वतःचे प्रेक्षक खवळले आणि दुसऱ्या, आणखी टोकाच्या वाहिनीकडे जाऊ लागले. मग फॉक्सच्या पडद्यावर मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीविरुद्ध घोटाळ्याचे आरोप झळकू लागले. कंपनी कोर्टात गेली. तिथे वाहिनीतले आपापसातले मेसेज बाहेर आले. पडद्यावर जे चाललं होतं त्यावर आतल्या नावाजलेल्या लोकांचाच विश्वास नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. प्रेक्षकाला नको ते सत्य सांगायची किंमत त्यांना खोट्याच्या किमतीपेक्षा जास्त वाटली होती.

दुसऱ्या बाजूचेही वाचक काही वेगळे नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने आम्ही कुणालाच पाठिंबा देणार नाही असं जाहीर केलं. मालकाने दबावाला भिऊन हे केलं असा संशय होता आणि राग समजण्यासारखा होता. काही दिवसांत दोन लाखांहून जास्त लोकांनी वर्गणी बंद केली. पण त्या रागाचा फटका बसला तो मालकाला कमी आणि बातमीदारांना जास्त.

एक प्रयोग मात्र थोडी आशा देतो. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रुकमन आणि कॅला या अभ्यासकांनी फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. माणसं पक्ष बदलून गेली नाहीत. पण कोरोनाबद्दल, टपाली मतदानाबद्दल त्यांना माहीत नसलेल्या गोष्टी कळल्या, काही मतं मऊ झाली. आपली वाहिनी आपल्यापासून काहीतरी लपवते, हे काहींना पटलं. पैसे थांबले, सगळे परत फॉक्सवर गेले आणि परिणाम विरून गेला.

आता आपल्या गावचं

या सगळ्यात माझ्यासारख्या छोट्या गावातल्या पत्रकाराचा जीव कुठे अडकतो ते सांगतो.

अमेरिकेत २००५ नंतर एक चतुर्थांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. त्यातली बहुतेक छोट्या गावांची साप्ताहिकं. २०१८ मध्ये तीन अभ्यासकांनी पेपर बंद पडलेल्या भागांतलं मतदान तपासलं. पूर्वी तिथला माणूस राष्ट्राध्यक्षासाठी एका पक्षाला आणि सिनेटरसाठी दुसऱ्या पक्षाला मत द्यायचा, माणूस बघून. गावचा पेपर गेला आणि असं मतदान सुमारे दोन टक्क्यांनी घटलं. कारण स्थानिक माणसाने काय केलं हे सांगणारं कुणी उरलं नाही. उरला फक्त टीव्ही आणि त्यावरचं राष्ट्रीय भांडण.

हेच अभ्यासक पुढे कॅलिफोर्नियातल्या 'डेझर्ट सन' या दैनिकाकडे गेले. या पेपरने जुलै २०१९ मध्ये महिनाभर मतांच्या पानावरून राष्ट्रीय राजकारण बंद केलं. फक्त गावचे विषय, म्हणजे रस्ते, वाहतूक, घरं, शाळा. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावापेक्षा इथल्या वाचकांमधली कटुता कमी वेगाने वाढली. एका महिन्यात!

मला या लांबलचक हिशेबातून कळलं ते असं. मीडिया पक्क्या मताच्या माणसाला सहसा हलवू शकत नाही. तसं असतं तर रूझवेल्ट आले नसते, ट्रुमन आले नसते, ट्रम्पही आले नसते. म्हणून "चॅनेलने निवडणूक फिरवली" असं हरलेल्याने म्हणणं हा बऱ्याचदा मतदाराचा अपमान असतो, आणि स्वतःचा पराभव तपासायचा टाळण्याची पळवाट. पण काठावरच्या दोनशेतल्या एकाला तो हलवतो, आणि अटीतटीच्या लढतीत तेवढं पुरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण कशावर भांडायचं ते तो ठरवून देतो. आणि ते ठरवताना तो आपल्याच बोटाकडे बघत असतो, आपण काय क्लिक करतो, कुठे थांबतो, कशावर चिडतो.

आपल्या तालुक्यात मागच्या महिन्यात नगरपालिकेच्या सभेत पाणीपट्टीचा ठराव झाला. पत्रकार कक्षात आम्ही दोघं होतो. दहा वर्षांपूर्वी आठ-नऊ जण असायचे. ती बातमी मी इथे टाकली तेव्हा तिला ३१ लाइक आले. त्याच दिवशी कुणीतरी टाकलेल्या, दिल्लीतल्या दोन प्रवक्त्यांच्या भांडणाच्या व्हिडिओला आपल्याच गावातून चारशेच्या वर.

तक्रार म्हणून सांगत नाही. पण पुढच्या वेळी "मीडिया विकला गेलाय" म्हणाल तेव्हा एवढं सांगा, आपल्या गावची शेवटची बातमी तुम्ही पैसे देऊन कधी वाचली होती?

कमेंटमध्ये लिहा. सहमत नसाल तर जरूर लिहा. फक्त पक्षाचं नाव घेऊन एकमेकांच्या आईबापावर जाऊ नका. पाणीपट्टीवर बोललात तर जास्त आवडेल.